पिंजऱ्याची कडी कुणी काढली?

सत्यजित राय यांची 'छिन्नमस्तार अभिशाप' ही फेलूदाकथा १९७८ साली 'देश'च्या शारदीय अंकात आली. हजारीबागेत एक सर्कस उतरली आहे, तिचं नाव 'ग्रेट मॅजेस्टिक'. तिचा वाघ पळतो आणि गावाची झोप उडते. त्याच दिवसांत एका बंगल्यातल्या वृद्ध गृहस्थांचा मृत्यू होतो. जाताना ते मागे कोडी ठेवून जातात. गुप्तहेर फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि जटायू या नावानं थरारकथा लिहिणारे लालमोहनबाबू असे तिघं या दोन घटनांमधला धागा शोधू लागतात. कथेत भीती आहे, पण अंगावर येणारी नाही. वाघ कुठल्या झुडपात बसला असेल या विचारानं लालमोहनबाबूंची जी गाळण उडते, ती वाचताना मुलं खदखदून हसतात आणि हसता हसता पुढचं पान उलटतात. फिरती सर्कस, पळालेलं जनावर, एक हुशार माणूस आणि त्याच्या सोबतीला एक भित्रा पण मनानं निर्मळ मित्र. हलक्याफुलक्या सर्कस-रहस्याचा याहून नेटका नमुना भारतीय भाषांत माझ्या तरी वाचनात नाही.

या कथेतल्या रिंगमास्टरचं आडनाव आहे करंदीकर. सर्कशीचा कारभार पाहणारा आहे कुट्टी. बंगाली लेखक, तेव्हाच्या बिहारमधलं गाव, मल्याळी कारभारी आणि वाघाच्या पिंजऱ्यात चाबूक घेऊन उभा राहणारा मराठी माणूस! त्या आडनावात कथेची एक मेख दडली आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी ती मी इथे उघडी करत नाही. पण रायांनी हे आडनाव सहज सुचलं म्हणून ठेवलं असेल, असं मला वाटत नाही. वाघाला काबूत ठेवणारा माणूस मराठी म्हटला की वाचक शंका घेत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. ही खात्री वाचकाच्या मनात आली कुठून, तिचा माग काढत गेलं की आपण अंकलखोपला पोचतो.

विष्णुपंत छत्रे सांगलीकडच्या अंकलखोपचे. गाण्याच्या ओढीनं ते ग्वाल्हेरला गेले आणि हद्दूखाँसाहेबांकडे शिकले. त्याच ग्वाल्हेरात बाबासाहेब आपट्यांकडून त्यांनी घोडा फिरवण्याची विद्या घेतली. पुढे कुरुंदवाड संस्थानिकांचा आश्रय मिळाला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या चिरिनीची सर्कस मुंबईत आली. सर्कस काढणं हिंदुस्थानातल्या लोकांच्या आवाक्यातलं नाही असं चिरिनी म्हणाला, ते छत्र्यांच्या जिव्हारी लागलं आणि त्यांनी पैज घेतली, ही हकिकत वेगवेगळ्या तपशिलांनी सांगितली जाते. पैजेची रक्कम आणि मुदत प्रत्येक सांगणाऱ्याची वेगळी. तात्पर्य मात्र एकच: छत्र्यांनी चिरिनीचं सामानच विकत घेतलं आणि 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. २० मार्च १८८० हा तिच्या पहिल्या खेळाचा दिवस म्हणून भारतीय सर्कशीच्या इतिहासात नोंदला जातो.

छत्रे मुळात घोडेस्वार होते हे लक्षात ठेवायला हवं, कारण सर्कस जन्मली ती घोड्याच्या पाठीवर. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या माजी घोडदळ शिपायानं गोल रिंगणात घोडा दौडवायला सुरुवात केली. गोलात एका लयीत धावणाऱ्या घोड्यावर उभं राहिलं की अंग आतल्या बाजूला झुकवून तोल राखता येतो, हे त्याला कळलं होतं. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि जगभरच्या सर्कशी आजवर तेच माप पाळत आल्या. घोडा वाद्याच्या तालावर धावतो असं प्रेक्षकाला वाटतं. प्रत्यक्षात बँडमास्तर घोड्याच्या टापांकडे बघून ताल धरतो. घोड्याचं लक्ष मध्यभागी चाबूक घेऊन उभ्या असलेल्या माणसावर असतं. हा बारकावा पुढे आपल्या कामाला येणार आहे.

छत्र्यांच्या चरित्रात एक अस्सल शोधकथाही आहे आणि ती मला पैजेच्या गोष्टीपेक्षा मोलाची वाटते. हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ, पुढे 'भूगंधर्व' म्हणून गाजलेले. वडिलांच्या आणि भावाच्या पश्चात ते भरकटले, अफूच्या आहारी गेले आणि त्यांचा ठावठिकाणा कुणाला राहिला नाही. सर्कस काशीला असताना रस्त्यावर गाणाऱ्या एका फाटक्या माणसाचा आवाज विष्णुपंतांच्या कानी पडला आणि त्यांनी ओळखलं की हा तर आपल्या गुरूंचा मुलगा, अशी हकिकत संगीताच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कपडे, चेहरा, दाढी यातलं काही ओळखीचं उरलं नव्हतं. तान मात्र घराण्याची होती, आणि ती ओळखायला त्याच घरात शिकलेला कान लागतो. विष्णुपंतांनी त्यांना सोबत घेतलं, सांभाळलं. पुढे वर्षानुवर्षं सर्कशीच्या मुक्कामी रहिमतखाँचं गाणं होत राहिलं. १९२२ साली ते वारले तेही कुरुंदवाडलाच. वाघसिंहांच्या पिंजऱ्यांशेजारच्या राहुटीत ग्वाल्हेरचा ख्याल! हा प्रसंग कुणी कादंबरीत घातला असता तर लोकांनी नाकं मुरडली असती.

छत्र्यांपाठोपाठ देवल, कार्लेकर, शेलार अशा मराठी सर्कशी निघाल्या आणि देशभर हिंडल्या. छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली तेव्हा तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाची आणि त्यांची गाठ पडली. कुन्हिकण्णननी पुढे कसरतपटूंची शाळाच काढली आणि झुल्यावरची माणसं, नंतर मालकही, केरळातून येऊ लागले. बंगालमध्ये १८८७ साली प्रियनाथ बोसांनी 'ग्रेट बेंगॉल सर्कस' काढली. घरातून पळून गेलेला सुरेश विश्वास युरोपात जनावरं शिकवणारा म्हणून नावाजला आणि शेवटी ब्राझीलच्या सैन्यात अधिकारी झाला. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी मामांच्या शेलार सर्कशीत धडे घेतले आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत मजल मारली. 'वाघ-सिंह माझे सखे-सोबती' हे त्यांचं आत्मकथन मराठी घराघरांत वाचलं गेलं. तेव्हा १९७८ मधल्या कथेत कारभारी कुट्टी, रिंगमास्टर करंदीकर आणि पळून जाऊन सर्कशीत शिरण्याची आस धरणारा बंगाली तरुण ही जुळणी भारतीय सर्कशीच्या शंभर वर्षांच्या इतिहासातून आलेली आहे. रायांनी ती नेमकी हेरली.

आता या वंशावळीची दुसरी शाखा, म्हणजे रहस्यकथेची. एडगर अ‍ॅलन पो याची १८४१ मधली 'रू मॉर्ग'ची कथा ही आधुनिक गुप्तहेरकथेतली पहिली मानतात. दोन बायकांचा भीषण खून, आतून बंद खोली आणि शेजाऱ्यांनी ऐकलेला कुठल्याच भाषेत न बसणारा आवाज. गुन्हेगार निघतो ओरांगउटान. एका खलाशानं तो बोर्निओतून विकायला आणलेला असतो आणि दाढीचा वस्तरा हाती लागताच तो निसटतो. म्हणजे या साहित्यप्रकाराचा नारळच मुळी निसटलेल्या जनावरानं फुटला. पोलीस एका गरीब कारकुनाला धरून बसलेले असतात. पोचा गुप्तहेर दुपँ वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जनावराचा धनी शोधून काढतो. दोष वानराचा की त्याला कोंडून आणणाऱ्याचा? हा प्रश्न पोनं तिथेच सोडून दिला. पुढच्या प्रत्येक सर्कस-रहस्याला तो नव्यानं उचलावा लागला.

कॉनन डॉयलनं तो १९२७ साली उचलला. 'द व्हेल्ड लॉजर'मध्ये रोंडर नावाचा क्रूर सर्कसमालक रात्रीच्या मुक्कामी मरतो आणि त्याची बायको जखमी अवस्थेत सापडते. सहारा किंग नावाचा सिंह मोकळा. सगळे म्हणतात, सिंहानं मारलं. खरी गोष्ट अशी की मालकाच्या डोक्यात पडला होता पाच खिळे ठोकलेला एक सोटा. सिंहाच्या पंजाची खूण उमटावी एवढ्याचसाठी तो बनवलेला. सोटा मारणारा होता सर्कशीतला पहिलवान, बेतात बायको सामील. मग तिनं पिंजरा उघडला आणि रक्ताचा वास आलेल्या सिंहानं तिच्याच तोंडावर झेप घेतली. ही कथा हलकीफुलकी नाही, उदास आहे, आणि होम्सलाही तिच्यात फारसं काही शोधायचं नसतं. ती बाई आपणहून सांगते. पण त्या खिळ्यांच्या सोट्यानं सर्कस-रहस्याला त्याचं सूत्र दिलं. जनावर हे माणसाच्या गुन्ह्यावर घातलेलं पांघरूण आहे, तेव्हा जनावराचा पाठलाग करू नका, कडी कुणी काढली ते बघा.

यातली उदासी झटकून हा प्रकार मुलांच्या हाती दिला एनिड ब्लायटननं. १९४६ मध्ये आलेल्या 'फाइव्ह गो ऑफ इन अ कॅरॅव्हॅन'मध्ये सुट्टीला निघालेली मुलं सर्कशीच्या तांड्याशेजारी मुक्काम टाकतात. नॉबी नावाचा सर्कशीतला मुलगा त्यांचा मित्र होतो, त्याचा पाँगो नावाचा चिंपांझीही होतो. मजा खूप आहे. पण चोर कोण, तर नॉबीचा काका, म्हणजे सर्कशीतला मुख्य विदूषक, आणि एक कसरतपटू. इथे मला थांबावंसं वाटतं. डॉयलकडे गुन्हेगार तंबूतला, ब्लायटनकडेही तंबूतलाच. फिरता माणूस गोड असतो, रंगीत असतो, पण शेवटी काळंबेरं निघतं ते त्याच्याच गाडीखाली. वाचणारा घरातल्या उबेत बसलेला असतो आणि निष्कर्षही त्याला उबदारच मिळतो.

रायांनी नेमकी ही दिशा फिरवली. वाघ सर्कशीचा, घबराट सर्कशीमुळे, संशय सर्कशीवर. फेलूदा मात्र जसजसा धागा ओढतो तसतसा तो तंबूपासून लांब, बंगल्याच्या दिवाणखान्यात जातो. प्रतिष्ठित, शिकलेल्या, स्थिर घरात. ज्याच्या हाती चाबूक आहे त्या माणसाच्या डोळ्यांत वाघासाठी पाणी येऊ शकतं आणि ज्याच्या भिंतीवर बंदूक टांगलेली आहे त्याच्या मनात काय शिजतंय ते सांगता येत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या कथेत एवढी मोठी गोष्ट इतक्या सहज सांगितलेली पाहिली की मला रायांबद्दल फार आदर वाटतो. फेलूदा मराठीतही आला. अशोक जैन यांचे अनुवाद रोहन प्रकाशनानं काढले आणि आपल्या मुलांनी ते वाचले.

ही दिशा का महत्त्वाची, हे खानदेशात बसून अधिक कळतं. आमचा मुलूख वाटेवरचा. धुळ्यात आग्रा-मुंबई रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना कापतात. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला आणि सुरतेहून अमळनेरवरून जळगावला येणारी तापी व्हॅली रेल्वेही. भुसावळ जंक्शन तर त्याआधीपासूनचं. वॅगनींत तंबू, खांब, पिंजरे, फळ्या भरून हिंडणाऱ्या सर्कशींना असा मुलूख सोयीचा. शिवाय दिवाळीनंतर कापूस विकून घरात पैसा खुळखुळतो. अशा वेळी यात्रा भरतात, तमाशाचे फड उभे राहतात, पूर्वी टुरिंग टॉकीज यायचे, आणि सर्कस यायची. धुळ्याकडच्या खेड्यांत पोरं ओरडत सुटायची, "सर्कस उनी रे भो!" रात्री सर्कशीचा झोत आभाळात फिरू लागला की तापीकाठच्या सपाटीवर तो कोसांवरून दिसायचा आणि बैलगाड्या जुंपल्या जायच्या.

या रंगीत आगमनाची एक कागदी बाजूही असते. मैदानाचं भाडं, पालिकेचा परवाना, पोलिसांचा ना-हरकत दाखला, आणि मग पास मागायला येणारी माणसं. सर्कस ज्या दिवशी मैदानात खुंट्या ठोकते त्या दिवसापासून गावात काहीही हरवलं की बोट तिच्याकडे जातं. कोंबडी गेली, सायकल गेली, पोरगं उशिरा घरी आलं, तरी पहिला प्रश्न एकच: सर्कसवाल्यांकडे बघितलं का? तंबूतल्या माणसाला या गावात सोयरा नाही की जामीन राहणारा नाही, म्हणून संशय तिथे सहज चिकटतो.

गंमत अशी की खेड्यात पहिला विनोदी जासूस आला तोही फिरस्ताच होता. बहुरूपी, म्हणजेच रायरंद. अंगात खाकी, कमरेला पट्टा, बगलेत जाडजूड वही, मिशा पीळ भरलेल्या. दारात उभा राहून तो खड्या आवाजात घरधन्याला फर्मावतो की तुमच्या नावाचं वॉरंट आहे, निघा चौकीत. नव्या सुनेच्या तोंडचं पाणी पळतं, म्हातारी मात्र पदर तोंडाला लावून हसत असते. मग साहेब वही उघडतात आणि चौकशी सुरू होते. एकेक आरोप ऐकून अख्खी आळी हसून लोळते. शेवटी वॉरंट निघतं ते कुठल्याशा अचाट लग्नाचं आमंत्रण, आणि साहेब पसाभर दाणे घेऊन पुढच्या दारी जातात. कुणाच्या घरात भांडण झालं, कुणाची म्हैस व्याली, कोण कुणाशी बोलत नाही, याची बित्तंबातमी त्याला गावात शिरण्याआधी असते, नाहीतर ते आरोप इतके चपखल बसलेच नसते. निरीक्षण, वेषांतर, उलटतपासणी आणि विनोद, गुप्तहेराला लागतं ते सगळं या माणसाजवळ होतं. पोटापाण्यासाठी तो सोंग घ्यायचा आणि त्या सोंगातून गावाला पोलिसाच्या भीतीवर हसायला शिकवायचा.

खरा माग काढणारेही आमच्याकडे होते. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टननं जो अहवाल लिहिला त्यात गावराखणीची पद्धत नोंदली आहे. चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, तिथे पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली तो माग करायचा. ज्या गावाला माग पुढे नेता येणार नाही, त्या गावानं भरपाई द्यायची. दख्खनेत इतरत्र हे काम रामोशी करत, खानदेशात भिल्ल. धुळीत उमटलेल्या पावलावरून माणूस ओझं घेऊन गेला की रिकामा, घाईत होता की निवांत, हे सांगणारे लोक होते हे. इंग्रजांनी आधी त्यांना लुटारू ठरवलं, आणि मग त्यांच्यावाचून चालत नाही म्हटल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं धरणगावला त्यांचीच भिल्ल पलटण उभारली. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हाती पहारा! सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक मग १८५७ साली त्याच सरकारवर उलटला, आणि त्यालाही त्याच्या नजरेतून सबळ कारणं होती.

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि फिरणं हाच कित्येक जमातींचा गुन्हा ठरला. १९५२ साली तो रद्द झाला. मनातून मात्र गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मोबाइलवर फिरत आलेली एक अफवा एवढंच कारण: मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुणी विचारलं नाही, कुणी पडताळलं नाही. विनोदी रहस्यकथेच्या लेखात हा प्रसंग का, असं कुणी म्हणेल. मला तो टाळता येत नाही. सर्कस-रहस्यात गुप्तहेर जे करतो, म्हणजे जमावाला थोपवतो, परक्या माणसाशी बसून बोलतो, त्याचं नाव-गाव विचारतो, पुराव्यावाचून बोट दाखवू देत नाही, ते त्या दिवशी तिथे करणारं कुणी पुरेसं नव्हतं. जी मुलं फेलूदा वाचतात त्यांना ही सवय हसतखेळत लागते, आणि म्हणून या हलक्याफुलक्या प्रकाराला मी हलकं समजत नाही.

मराठी रहस्यकथेनं मात्र सर्कशीच्या तंबूकडे फारसं पाहिलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हे वीर घरोघरी पोचले. त्या पुस्तकांची वाट स्टेशनावरच्या व्हीलरच्या दुकानावर पाहिली जायची, पण त्यांतलं जग बहुतेक मुंबईचं, मोटारींचं, टेलिफोनचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा असल्यानं त्याच्या चपलांना माती लागलेली आहे, विनोदही निर्मळ आहे, आणि आपल्याकडे फेलूदाच्या सर्वांत जवळ जाणारा तोच. तरी ज्या भाषेच्या माणसांनी भारतीय सर्कस उभी केली त्या भाषेत सर्कस-रहस्याची ठसठशीत परंपरा नसावी, ही मोठी उणीव आहे. ती भरून काढायला खानदेशासारखी जागा नाही.

वाघ आता मिळायचा नाही. १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली, आणि ते योग्यच झालं. २०११ मध्ये लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवायलाही न्यायालयानं मनाई केली. बंदी घातलेल्या जनावरांच्या यादीत घोडा मात्र नाही. आणि घोडा म्हटल्यावर खानदेशी माणसाला पुढचा शब्द सांगावा लागत नाही. सारंगखेडा! तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणारी यात्रा, देशभरातून येणारे घोडे आणि त्यांचे व्यापारी. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं. इथे घोडा विकला जातो तो खुणांवर. चार पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी, गळ्याला देवमण असेल तर भाग्याचा, भलत्या जागी भोवरा असेल तर भाव पडलाच. आणि नाचरी घोडी असेल, हलगी वाजताच पुढचे पाय उचलून ठेका धरत असेल, तर मग बोलीला अंत नाही.

आता कल्पना करा, जळगावात मुक्काम असलेल्या सर्कशीचा पांढऱ्या पायांचा घोडा दत्तजयंतीच्या तोंडावर नाहीसा होतो. सर्कशीनंच विम्यासाठी विकला असणार, असं गाव ठरवून मोकळं होतं. होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये कपाळाचा पांढरा पट्टा रंगवून घोडा लपवला होता. सारंगखेड्यात तर असे कलप लावणारे हात कमी नाहीत. आमचा जासूस असावा एखादा थकलेला रायरंद, ज्याच्या खाकीला आता कुणी भीत नाही, आणि त्याच्याबरोबर सर्कशीतली, घोड्यासाठी रडून डोळे सुजलेली घोडेस्वार मुलगी. रंग पाहून काही कळणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तो एक हलगीवाला ठरवतो आणि बाजारभर फिरवतो. ओळीनं बांधलेले घोडे थयथय करू लागतात, मालक खुशीत मिशा पिळतात. शेवटच्या दावणीला एक काळाभोर घोडा तेवढा कान न हलवता उभा. हलगी त्यानं कधी ऐकलेलीच नाही आणि वाद्याकडे लक्ष द्यायचं त्याला कुणी शिकवलेलंही नाही. बोली लावायच्या मिषानं म्हातारा घोडा मोकळा करून दाखवायला सांगतो. मुलगी मैदानाच्या मध्यभागी जाते आणि हवेत एकदा चाबूक वाजवते. घोडा निघतो, एका लयीत, मान आतल्या बाजूला किंचित झुकवून, आणि गोल फिरत राहतो. मालक ओरडतो, लगाम धरायला धावतो, घोडा त्याला वळसा घालून आपल्याच वाटेनं जातो. रायरंद झोळीतून सुतळी काढतो, टापांच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणतो आणि बगलेतली वही उघडून मोठ्यानं नोंद वाचतो, "बेचाळीस फूट, पंच कोण होतं रे?" आणि अख्खा घोडेबाजार हात वर करतो.